मानेमागे

सोहार. रात्रीचे दोन.
खमीसचं थायरॉईड काढलंय. पट्टी पुढून कोरडी.
तिच्यावर विसंबायचं नाही;
रक्त मानेमागे उतरतं, गुपचूप, उशीत.
तासातासाला तिथं हात सरकवते.
ओल लागते. घाम. घामच.

ओठांभोवती मुंग्या येतात का,
हे अरबीत मला येत नाही.
त्याच्या मनगटावर बोटं चालवते,
ओठांकडे खुणावते.
‘ला, सिस्टर.’

नाव सांगा आता, आवाज ऐकायचाय.
नाव राहिलं, तो मासेच मोजू लागतो,
घोगरा, जाळं ओढल्यासारखा:
जैधर, शेरी, कनद —
‘सुरमई!’ माझ्या तोंडून निघतं.
या ड्यूटीतला पहिला मराठी शब्द,
तोही घोगरा.

चार्टवर लिहिते: आवाज आहे.
कॅल्शियमचं अँप्यूल, न फोडलेलं,
ट्रेमध्ये तसंच.
तीनला पुन्हा हात.