फ्यूज, दोन अँपिअर

दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतीतून
शेजारच्या तळलेल्या माशांचा वास येतो.
ग्रिम्सबीत याला वास म्हणत नाहीत, हवा म्हणतात.
इथेच मी तीस वर्षं सिंथेसायझर उघडत आले,
उलथ्या पडलेल्या कासवांसारखे, पोट वर करून.

पहिल्यांदा आले तेव्हा छत्री एकच होती
आणि छत्रीखाली ते नव्हते, यंत्र होतं.
ऑब्री स्टॅनियर, बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळणारा.
केल्विन मॉक्सन, सांभाळण्यासारखं काहीच नसलेला.
बँडचं नाव रिक्वेस्ट स्टॉप.
"हात केला तरच थांबते ना बस, तसं," केल्विन म्हणाला,
"आणि आमच्या रस्त्यावर कोणी हात करत नाही."
पैसे नव्हते. वर्तमानपत्रात गुंडाळलेला
एक हॅडॉक ठेवून गेले. ताजा होता.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल, किंवा नसेल.
पहिली रेकॉर्ड: साडेचारशे प्रती,
पैकी तीनशे ऑब्रीच्या आईच्या पलंगाखाली.
दुसरी लीड्सच्या एका तळघरात
कुणीतरी पहाटे तीनला लावली,
आणि लोक नाचायचे थांबले,
आणि मग (हे केल्विनचं सांगणं, निम्मं पाणी धरा)
वेगळंच नाचू लागले.
मग रॉटरडॅम. मग ओसाका.
मग एक हॉटेल, ज्यात दोघांच्या खोल्या
वेगवेगळ्या मजल्यांवर.

त्यानंतर ते माझ्याकडे वेगवेगळे येऊ लागले.

ऑब्री मंगळवारी.
तो आता फ्रीज ध्वनिमुद्रित करत हिंडायचा,
अनोळखी लोकांच्या स्वयंपाकघरांत, बूट दाराबाहेर काढून.
एकट्या राहणाऱ्यांचे फ्रीज, त्याचं म्हणणं,
अर्धा सूर खाली गुणगुणतात.
ती कॅसेट एक्केचाळीस जणांनी विकत घेतली.
मी रात्री भांडी घासताना लावायची,
आणि माझा फ्रीज कुठे संपतो, ते कळायचं नाही.

केल्विन शुक्रवारी, नवं जॅकेट, नवं टोपणनाव.
खोकल्याच्या औषधाची जाहिरात,
कार्टूनमधल्या पाणबुडीचे बुडबुडे,
आणि डॉन्कास्टरच्या एका लिफ्टला
दार उघडतानाचे दोन सूर.
"दोनच?"
"तिसऱ्याचे पैसे दिले नाहीत."

दोघं एकमेकांबद्दल विचारायचे नाहीत.
फक्त टेबलावर दुसरं कुणाचं यंत्र आहे का,
ते बघून घ्यायचे, पाहुणे जसे
दाराशी दुसऱ्याच्या चपला बघतात.

एका नोव्हेंबरात दोन्ही यंत्रं एकदम आली.
एकाच मॉडेलची, एकाच दुकानातून घेतलेली,
बिघाडही एकच: फ्यूज, दोन अँपिअर, दीड पौंडाचा.
फ्यूज बदलला. सवयीने पट्ट्या उचलल्या.
ऑब्रीच्या यंत्रात डावीकडच्या पट्ट्यांखाली
सगळे संपर्क काळे, झिजलेले.
मधल्या सी-च्या उजवीकडे कोरं करकरीत तांबं.
केल्विनच्या यंत्रात नेमकं उलट.
नऊ वर्षं वेगळे, प्रत्येकाजवळ अख्खा कीबोर्ड,
आणि अजून दोघंही
बाकावर दुसऱ्यासाठी जागा सोडून बसत होते.

मी काही बोलले नाही. बोलणं माझ्या दरपत्रकात नाही.
खोकी बांधली, चिठ्ठ्या चिकटवल्या,
आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल केली.

सहाव्या दिवशी केल्विनचा फोन.
"ग्लेनिस, हे यंत्र माझं नाही."
"असं?"
"डावीकडून गेलेलं आहे हे."
मग बराच वेळ काहीच नाही, फक्त लाइनची घरघर,
आणि मागे कुठेतरी त्याचा फ्रीज.
"परत आणून देतोस का?" मी विचारलं.
तो म्हणाला, बघतो.

ऑब्रीचा फोन आला नाही. तो मंगळवारी आला,
बूट बाहेर काढले, जे माझ्याकडे कोणी काढत नाही,
दारातच उभा राहिला,
रॉटरडॅमला हवा कशी होती ते सांगत बसला,
अठरा वर्षांपूर्वीची हवा.
यंत्राचं नाव नाही काढलं.

दोन्ही बिलं अजून खिळ्याला टोचलेली आहेत.
दीड पौंड, दीड पौंड, मजुरी वेगळी.
मागितली तर देतील.