एकास बारा

अल खुवैरच्या आमच्या इमारतीत
लिफ्टमधल्या ठिपक्यांच्या पट्ट्या मीच लावल्या.
चार स्क्रू, एक लेव्हल, बुडबुडा अगदी मधोमध.
उद्घाटनाला लोबानचा धूर झाला, गुलाबपाणी झालं,
मोठ्या साहेबांनी पट्टीवर बोट ठेवून फोटो काढून घेतला.

दोन वर्षं कोणी काही बोललं नाही.

मग शमसा अल-हिनाई कामावर रुजू झाली.
पहिल्याच सकाळी तिने पट्टीवरून बोट फिरवलं
आणि हसत सुटली:
"विश्राम भाई, तुमची लिफ्ट शीर्षासन करतेय."

उलट्या. सातही मजले उलटे.
लेव्हल बरोबर होती, हे मी तिला दोनदा सांगितलं.

स्क्रू काढताना ती शेजारी उभी. म्हणाली, वाच.
म्हटलं, दिसतायत ना ठिपके.
म्हणाली, डोळे मिटून वाच.
माझ्या बोटांना सिमेंट कळतं, झिजलेला आटा कळतो;
तीन आणि चार यांतला फरक कळेना.
देवरुखला आई अगरबत्तीने कागदाला भोकं पाडायची,
वर रांगोळी पसरायची, कागद उचलला की ठिपके खाली.
रेघा ज्याच्या त्याने जोडायच्या.
हे माझ्या मोडक्या हिंदीत तिला सांगितलं.
तिने विचारलं, रेघ चुकली तर?
तर पुसायची, म्हटलं. अजून काय.

सहाव्या मजल्यावर ती कंपनीचं ॲप कानाने तपासते.
फोन तिला वाचून दाखवतो:
बटण, नाव नाही. बटण, नाव नाही.
बिल भरायचं बटणसुद्धा बिननावाचं.
मीटिंगमध्ये म्हणाली म्हणे,
"आंधळे गिऱ्हाईक बिल बुडवत नाहीत,
तुम्हीच ते लपवून ठेवलंय."

रुवीच्या शाखेत उतार होता, एकास पाच. घसरगुंडीच.
सालेम बिन राशिद म्हणून एक म्हातारे
व्हीलचेअर डिकीत ठेवून गाडीतच बसायचे,
आमचा पोरगा उन्हात फॉर्म घेऊन धावायचा,
आणि याला आम्ही 'खास सेवा' म्हणायचो.
नियम एकास बारा:
एक इंच चढायला बारा इंच वाट.
पायरी दीड फुटाची, म्हणजे उतार अठरा फूट,
म्हणजे मॅनेजरांच्या दोन पार्किंग गेल्या.
त्यावर तीन महिने मेल चालले.
उतार सहा दिवसांत झाला.
म्हातारे आत आले, टोकन घेतलं,
तासभर ताटकळले आणि चारचौघांसारखे भडकले.
मला फार बरं वाटलं.

जूनमध्ये चिलर बंद होता त्या दिवशी
घाम पुसत शमसा सहज म्हणाली,
"तू नेहमी माझ्या डावीकडूनच बोलतोस.
उजवीकडे कोणी नसलं तरी."

अकरा वर्षं जनरेटर रूम.
डावा कान कधी गेला त्याची तारीख नाही.
व्हिसाच्या मेडिकलला रक्त बघतात, छाती बघतात;
कानाचं विचारू नयेत म्हणून
मी दर खेपेला ग्रामदेवतेला नारळ बोलतो.
पोरांना वाटतं, विश्राम शिष्ट आहे,
हाक मारली तर वळत नाही.

आता वरून फॉर्म आलाय:
अपंगत्व असल्यास नोंदवा. ऐच्छिक. गोपनीय.
शमसा म्हणते, भर.
म्हटलं, बाई, तू इथली.
मी इथे कंपनीच्या एका सहीवर उभा आहे,
आणि त्या सहीचा उतार मला कोणी मोजून दिलेला नाही.
एरवी तिच्याकडे उत्तर तयार असतं.
त्या दिवशी नव्हतं.

फॉर्म ड्रॉवरमध्ये आहे, लेव्हलच्या खाली.
नाव आणि कर्मचारी क्रमांक तेवढा लिहिलाय,
पेन्सिलीने.

काल कँटीनमध्ये मी कोपऱ्यात जेवत होतो.
शमसा काठीने टेबलाची कड चाचपत आली,
पोरांना मोठ्याने विचारलं,
"विश्रामचा उजवा हात कुठल्या बाजूला?"
आणि तिकडची खुर्ची ओढून बसली.