चार बोटं

सिलिकॉनला आंबूस वास येतो,
लोणच्याची बरणी कुणीतरी उघडी टाकल्यासारखा.
दोन दिवस तो वास घरात मुक्कामाला होता
आणि मी येताजाता
सांध्याला बोट लावायचा मोह आवरत होते.

टाकी कुर्ल्याच्या भंगारातली, अडीच फुटी,
एका कोपऱ्याला टवका.
कप्पे पाडायला ॲक्रिलिकच्या पट्ट्या
पाट्या रंगवणाऱ्या इरफानकडून मागून आणल्या.
एकीवर अजून ‘दातांचा’ एवढंच शिल्लक आहे.
म्हणजे वरच्या टाकीतलं पाणी
खोक्यात सांडणार, नळीतून खाली येणार,
गाळणीच्या पिशवीत शिरणार,
बारा कोऱ्या प्लास्टिकच्या घासण्यांमधून झिरपणार
आणि शेवटी ‘दातांचा’वरून उडी मारून
पंपाकडे जाणार.

नवरा म्हणाला, तयार मिळतो की.
मिळतो.

सासरे कॉटवरून बघत होते.
एकतीस वर्षं पालिकेचे चावीवाले.
भांडुपच्या टेकडीखाली पहाटे चारला
रस्त्यातलं झाकण उचलून
उंचीएवढी लोखंडी चावी खाली सोडायची,
आटे मोजत फिरवायची:
ह्या गल्लीला सोड, त्या गल्लीला थांबव.
कुणाच्या हंड्यात किती, ते त्यांच्या मनगटाला ठाऊक.
सासूबाई गेल्या तेव्हापासून
चहाला हो, जेवणाला नको,
एवढंच बोलणं.

मी कोपराला सोल्युशन लावत होते, पाऊण इंची,
तेव्हा ते म्हणाले,
‘आणि लाइट गेली की?’

मी हातातला पाइप तसाच धरून राहिले.

‘पंप थांबतो. पाणी नाही थांबत.
वरचं जेवढं यायचं तेवढं येतंच खाली.
तू खालची काठोकाठ भरलीस, तर
निगुडकर बाईंच्या छतावर मासे उमटतील.’

निगुडकर बाईंनी गेल्या साली
आमच्या मोरीबद्दल सोसायटीला पत्र दिलंय,
दोन प्रतींत, फोटोसकट.

ते उठले. गुडघ्यावर हात रोवून खाली बसले
आणि काचेला काठापासून
चार बोटं आडवी लावली.
‘एवढं रिकामं ठेव. नेहमी.
रिकामं दिसलं म्हणून भरायला जाऊ नको.’
मी मार्करने रेघ ओढली.
माझ्या वहीतल्या हिशेबापेक्षा
त्यांची बोटं अर्धा इंच जाड निघाली.
मी वही मिटली.

‘वर जाणाऱ्या नळीला
पाण्याच्या पातळीशी एक बारीक भोक पाड,
नाहीतर ती उलटी ओढत बसेल.
श्वास घेऊ दे तिला.’
ड्रिल मी चालवलं, नळी त्यांनी धरली.
हात थरथरत होता, आता थरथरतोच,
पण नळी हलली नाही.

रात्री दहाला सगळं जोडून
मी मुद्दाम मेन स्विच पाडला.
अंधारात आधी पंखा मेला,
मग घोटघोट, घोटघोट,
कुणीतरी तांब्या उलटा धरल्यासारखं.
नवऱ्याने जुने टॉवेल पसरले होते.
सासरे मोजत होते, ओठांतल्या ओठांत, आटे मोजतात तसे.
छत्तीसला भोक उघडं पडलं,
हवा आत गेली, सुस्कारा ऐकू आला.
बेचाळीसला सगळं गप्प.
मोबाइलचा उजेड धरला:
पाणी काठाच्या एक बोट खाली.
टॉवेल कोरडे.

लाइट लावली. गुरामी खडकामागून बाहेर आल्या,
काही झालंच नाही अशा.

आता पहाटे चारला
कॉटची फळी करकरते.
मी डोळे न उघडता ऐकते:
स्टँडचं दार, मग जरा वेळ काहीच नाही,
मग प्लास्टिकचा व्हॉल्व्ह,
त्याला आटे नसतात, पाव फेरा फक्त.
सकाळी धार कधी बारीक असते, कधी मोठी.
मला हवी ती कुठली, हे माझ्या वहीत लिहिलेलं आहे.
मी हात लावत नाही.