दोन रकाने

आठ तासांची कॅप्सूल की बारा तासांची गोळी?
डॉक्टर म्हणाल्या, महिनाभर वहीत लिहा.

कॅप्सूल: साडेतीनपर्यंत गणितं बरोबर.
डबा तसाच परत, भेंडीला घाम.
चारला दिवा गावाच्या नाक्यावर
निहार सुटतो,
पुढे वाकून रिक्षावाल्याचा हॉर्न दाबतो.

गोळी: संध्याकाळ शहाणी. क्लासच्या बाई खूश.
रात्री पावणेबाराला छताकडे बघत,
"बाबा, पंखा दमत नाही का?"
मी लिहितो: झोप, उशिरा.

रविवारी औषधाला सुट्टी.
ऐरोलीच्या खाडीकाठी कठड्यावर चढून
रोहित पक्षी मोजत होता,
एकशे चारपर्यंत आला,
मग कुत्रं दिसलं.
पुन्हा पहिल्यापासून.

या दिवसाला मी रकानाच आखला नव्हता.
समासात लिहून ठेवलं: १०४.