ओशाळणे

सातवी ब. खिडकी तांबट गल्लीकडे उघडते.
दुसऱ्या तासाला ठोके सुरू होतात,
हंडे, घंगाळी, कुणाच्या तरी रुखवतातला बंब,
आणि आमचं प्रकटवाचन त्या ठोक्यांवर चालतं:
प-टां-ग-णा-त ठण् ग-र्दी ठण् झा-ली.

फळ्यावर मी उभी रेघ मारते.
डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ.
एकोणीस वर्षं हीच रेघ,
हल्ली पट्टी लागत नाही.

विस्मय म्हणजे आश्चर्य.
आश्चर्य म्हणजे नवल.
नवल म्हणजे, मुलं गाइडात बघून सांगतात, विस्मय.
"म्हणजे फिरून परत द्वारकेलाच आलो, बाई,"
उमेर आतार म्हणाला. त्याचे वडील रिक्षा चालवतात.
वर्ग हसला. मीही हसले,
पण डस्टर हातात तसंच राहिलं.

सोमवारी धड्यात शब्द आला: ओशाळला.
मी उजवीकडे लिहिलं, लाज वाटणे.
मागच्या बाकावर ललिता भोये.
आईबाप दिंडोरीकडे द्राक्षांच्या छाटणीला,
ही इथे मावशीकडे.
वाचताना ओळीखाली बोट धरते,
बोट पुढे जातं, डोळे मागे राहतात.
ती म्हणाली, "लाजणं आणि ओशाळणं एकच का?"

जवळजवळ, मी म्हटलं.
"जवळजवळ म्हणजे किती?"

नवरी लाजते, ओशाळत नाही, मी म्हटलं.
चोर पकडला गेला तर?
तो घाबरतो, बाई.
दूध पिताना मांजर दिसलं तर?
"त्याला काहीच वाटत नाही," उमेर म्हणाला, "आमच्याकडे आहे एक."
घंटा झाली.
मी लाज वाटणे पुसलं.
उजवी बाजू तीन दिवस कोरी होती.

गुरुवारी उमेरकडे पुस्तक नव्हतं.
तिसऱ्यांदा.
उभं केलं त्याला. बोलले.
बोलतात ते सगळं बोलले,
थेट वडिलांच्या रिक्षापर्यंत गेले,
सीटखाली राहिलं असेल म्हणाले, नाहीतर रद्दीत.
"बाई, ते..." तो म्हणाला.
"बाई, ते..." पुन्हा एकदा.
वाक्य शेवटपर्यंत वाचा, मग अर्थ लावा,
हे मीच शिकवते.

मग हजेरी काढायला कपाट उघडलं.
वह्यांच्या गठ्ठ्यावर त्याचं पुस्तक.
तपकिरी कागद, कोपरे नीट दुमडलेले.
कव्हर असं घालावं, म्हणून सहावीला दाखवायला
मीच ठेवून घेतलेलं.

गल्लीतला ठोका नेमका तेव्हाच थांबला.
मी पदर सारखा केला, तो सारखाच होता.
चष्मा काढला. परत घातला.
"हं," म्हणाले, "इथेच होतं की."

आणि मागून, बोट न धरता, एका दमात:
"बाई ओशाळल्या."

कुणी हसलं नाही.
एकेचाळीस मुलांचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून
डावीकडून उजवीकडे सरकले,
मग खालच्या ओळीवर आले.

उमेरला म्हटलं, चुकलं माझं.
तो म्हणाला, "जाऊ द्या, बाई,"
आणि कव्हरचा कोपरा नखाने दाबत राहिला.

ललिताला खडू दिला.
उजवीकडच्या कोऱ्या जागेत तिने लिहिलं:
बाईनी चष्मा काडला आणि परत घातला.
मी अनुस्वार दिला, डचा ढ केला.
बाकी काही पुसलं नाही.

घटक चाचणीत शब्द आला, एका गुणाला.
बहुतेकांनी गाइडातलं लिहिलं,
ललिताने चष्मा लिहिला, तोही दोन ओळींत.
उत्तरसूचीत बसत नाही. गुण दिला.

उमेरने जागा कोरी सोडली होती.
त्याला येत होतं. मला माहीत आहे.
लाल पेन घेऊन मी बराच वेळ
त्या कोऱ्या रेघेशी बसले आहे.