मापांची वही

बाई भरतीला आली, तरीतून,
चपला हातात, काखेत बंद पाकीट.
सोबत दुभाष्या, रत्नागिरीचा, मिसरूड फुटलेला.

फोटोत एक कॉलर होती, उसवलेली.
आत माझं लेबल: न्यू प्रभात टेलर्स, जैतापूर.
'जै'ची एक मात्रा गळलेली.
हे तुमचंच ना?
माझंच.

त्यांच्याकडे एका पहाटे लष्करानं रेडिओ घेतला,
मग सरकार घेतलं,
आणि नऊ दिवसांत बंदरातले परदेशी नाहीसे झाले, म्हणाली.
परदेशी म्हणजे कोण, मी विचारलं.
दुभाष्या घुटमळला.

परदेशी म्हणजे आमचा याकूब वस्ता,
ज्याला राजापूरच्या बाजारातसुद्धा करमायचं नाही.

जहाजाच्या वहीत एवढंच:
तीन खलाशी सुटण्याच्या वेळी हजर नव्हते.
कंपनीनं त्या तारखेपर्यंतचा पगार धाडला,
गैरहजेरीचा दंड कापून.

मी माझी वही काढली. कडा वाळवीनं खाल्लेल्या.
याकूब वस्ता, शर्ट दोन, छाती अडतीस, बाही तेवीस,
डावा खांदा पाऊण इंच उतरता.
(माडावरून पडला होता, सहावीत असताना.)
बाईनं ही ओळ तीनदा वाचून घेतली,
पेनाला टोपण लावलं
आणि माझ्या मशीनच्या चाकाकडे बघत राहिली.
खांद्याचं तिला हाडांनी आधीच सांगितलं होतं.

दुपारी जुबेदाच्या पडवीत मौलवी म्हणाले,
इद्दत मृत्यूच्या दिवसापासून मोजतात,
म्हणजे ती केव्हाच संपली.
जुबेदा सुपातले तांदूळ निवडत होती.
बसले कधी नाही, ती म्हणाली, आणि संपली?
मग खडा सापडला तो तिनं अंगणात टाकला
आणि पुन्हा निवडायला लागली.

परत तरीकडे उतरताना मी बाईला विचारलं,
आतला खिसा उघडलात?
कुठला खिसा?

बोटीवर जाणाऱ्या प्रत्येक पोराला शिवून देतो मी,
काखेखाली, शिवणीच्या पोटात. चपटा.
टाका दिसत नाही, त्याचेच तर दीड रुपये जास्त.
आल्यावर देतो म्हणाला होता.

दुभाष्यानं सांगितलं, मग हातानं दाखवलं,
स्वतःच्या काखेखाली.
बाई धक्क्यावरच थांबली.
तांडेल ओरडत होता, पाणी उतरतंय, चला,
आणि ती फोनवर, तिच्या भाषेत, कुणाला तरी
एकच शब्द पुन्हा पुन्हा सांगत होती.