खड्डा

फरशी बदलायला इराप्पाला बोलावलं
मेच्या दुसऱ्या आठवड्यात, चव्वेचाळीस डिग्रीत,
कारण शाळेला सुट्टी लागल्याशिवाय मला वेळ नाही.
मधल्या खोलीत पहार पडली
आणि आवाज बदलला.
"पोकळ हाय की ताई हितं," तो म्हणाला.

शहाबादी उचलली. खाली विटांचे तुकडे, राख,
मिलच्या कोळशाची काळी खर,
एक फुटकी कपबशी, तिचा कान शाबूत.
काढता काढता दुपार झाली.
मग कडा लागली, गुळगुळीत,
माणसाच्या मांड्यांनी घासून घासून झालेली.
माग होता इथे. खड्डामाग.
ऐकून होते. पाहिला नव्हता.

ताता तेलंगणातून चालत आले, बाबा सांगायचे.
कधी म्हणायचे, बैलगाडीतून.
वाट दर वेळी थोडी लांब व्हायची.
एवढं मात्र नक्की, की सोलापुरात त्यांच्या नावावर
वीतभर जमीन कधी झाली नाही.
भाड्याच्या या खोलीत
मालकाला विचारून त्यांनी खड्डा खणला
आणि पस्तीस वर्षं
उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत
कमरेखाली जमिनीत राहिले.

होटगीच्या बाजूला हीच जमीन
उन्हाळ्यात उलते, हात जाईल एवढी,
आणि थंडीत दवावर मालदांडी काढते.
आमच्याकडे तिने लुगडी दिली,
हिरवी, लाल काठाची,
आणि तातांच्या गुडघ्यांत ओल.
म्हातारपणी ते उन्हात पाय पसरून बसायचे,
म्हणायचे, अजून वाळले नाहीत.

बाबांनी खोली विकत घेतली तेव्हा
यंत्रमाग आले होते. खड्डा बुजला.
बाबांची पावलं जमिनीवर राहिली,
कान मात्र गेले, त्या खडखडाटात.
त्यांना काही सांगायचं तर ओरडावं लागायचं,
म्हणून आमच्या घरात प्रेमाचं बोलणंही
शेजाऱ्यांना भांडण वाटायचं.

दर फॉर्मवर एक रकाना असतो: मूळ गाव.
बाबा तिथे एक नाव लिहायचे
जे त्यांनी पाहिलं नव्हतं,
ज्याचं स्पेलिंग दर वेळी वेगळं यायचं.
मीही लिहिलं, नोकरीच्या अर्जापर्यंत.
तेलुगूत आपल्या गावाला "मन ऊरु" म्हणतात.
लहानपणी शाळेच्या मराठीत मी ते ऐकायची:
मन, उरू.
उरून राहा म्हणून कुणीतरी मनाला सांगतंय असं.
इराप्पाला विचारलं, कानडीत काय रे?
"नम्म ऊरु," तो घाम पुसत म्हणाला,
"ऊरु तेच की."

मग त्याने विचारलं, भरून टाकू का?
मुरूम टाकतो, पाणी मारतो, उद्या फरशी.
मी म्हटलं, थांब जरा.
साडी आवरली, कडेवर बसले
आणि दोन्ही पाय आत सोडले.

गार.
बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं
आणि इथे, तीन फुटांवर, गार.
टाचेला खळगा सापडला. दुसऱ्या टाचेला दुसरा.
माझे पाय छोटे, खळगे मोठे,
मापाच्या बाहेरच्या चपलेत
पोर उभं राहतं तशी मी बसले.
चिरंजीव बाणेरहून सारखं विचारतो,
काय आहे गं तिथे, धूळ आणि ऊन,
विकून टाक, इकडे ये.
त्याला फोटो पाठवणार होते. नाही पाठवला.
फोटोत नुसता खड्डा दिसला असता.

तेवढ्यात बोळात हाकाटी झाली.
पाणी आलं होतं, पाचव्या दिवशी.
घागरी वाजल्या, मोटारी लागल्या,
समोरची अंबुबाई माझ्या नावाने ओरडली,
"ए मास्तरीण, उठ की, जाईल ना पाणी!"

सोलापुरात पाण्याला कुणी बसून राहत नाही.
मी बसून राहिले.
इराप्पाने एकदा माझ्याकडे पाहिलं,
पहार भिंतीला टेकवली,
हात धुतले,
आणि आमच्या घागरी उचलून
रांगेत जाऊन उभा राहिला.